जावयाने निवडलेली डिस्क

चहा ओतून घ्या आणि नीट टेकून बसा. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. त्यातला बराचसा चार भिंतींच्या आत केला आणि बायकोने तो झाकून नेला. पण त्रिशरण-पंचशील झाल्यावर, मेणबत्त्या लावून, पाहुण्यांच्या शुभहस्ते, टाळ्यांच्या कडकडाटात ज्याचं उद्घाटन झालं असा गाढवपणा एकच. आणि तोसुद्धा कुठे? सासुरवाडीला!

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेपटाची. मी तेव्हा नगरला एका ज्युनिअर कॉलेजात बुककीपिंग शिकवायचो. कॉम्प्युटरशी माझा संबंध काय म्हणाल, तर दर महिन्याला माळीवाड्याच्या स्टँडवर कॉम्प्युटरचं एक मासिक मिळायचं, ते मी जाहिरातींसकट वाचून काढायचो. घरात कॉम्प्युटर नव्हता, मासिकं मात्र गठ्ठ्यांनी होती. पोहण्याचं पुस्तक वाचून विहिरीत उडी टाकणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर हा समोर बसलाय.

पण सासुरवाडीला हे कोण सांगणार? तिथे मी बोलायला लागलो की सगळे गप्प बसून ऐकायचे. जावई ना! आमच्याकडे जावयाला पाटावर बसवतात, रश्शातली नळी त्याच्याच ताटात वाढतात आणि तो काहीही बोलला तरी माना डोलावतात. एवढ्या कौतुकात माणूस बिघडणार नाही तर काय होणार!

सासुरवाडी नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठावर. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांना मामा म्हणायचो, गाव गुरुजी म्हणायचं. मामांनी त्या वर्षी ठरवलं की जयंतीला नुसती मिरवणूक आणि भाषणं नकोत. वस्तीतल्या घराघरांतले जुने फोटो जमवायचे आणि विहारासमोर मांडव घालून, टीव्हीवर मोठे करून सगळ्यांना दाखवायचे. दीक्षा घेतली त्या काळातले, विहाराचा पाया खणला तेव्हाचे, वस्तीतली पहिली मुलगी मॅट्रिक झाली त्या दिवसाचे.

मामांनी नुसता शब्द टाकला आणि फोटो यायला लागले. कुणी ट्रंकेच्या तळातून काढला, कुणी आरशाच्या मागून, कुणी लुगड्याच्या घडीतून. आणि एक दिवस सोनाआजी आल्या. सोनाआजी म्हणजे वस्तीतलं सगळ्यात जुनं माणूस. नजर अधू झालेली, पण जीभ शाबूत. त्यांनी कनवटीतून एक फोटो काढला. पाया खणणाऱ्या माणसांचा सगळ्यांचा मिळून एक फोटो. मागच्या रांगेत, अगदी डाव्या कडेला, फेटा बांधलेला एक माणूस. चेहरा हरभऱ्याएवढा.

"गुर्जी, ह्यो बगा माजा मालक," आजी म्हणाल्या. "दुसरा फोटूच न्हाई त्यांचा. ह्यात बी मला आता दिसंना. तुमी मोठा करून दावता म्हनं?"

"दाखवतो की," मामा म्हणाले.

"मंग दावा बाबा. तोंड इसरत चाल्लंय मला त्यांचं."

मी तिथेच बसलो होतो. मी पुढे होऊन म्हणालो, "आजी, काळजी करू नका. असा मोठा दाखवतो की फेट्याची घडी न घडी मोजाल!"

मोठेपणा! दुसरं काय.

आता फोटो टीव्हीवर न्यायचे कसे? त्याचीही सोय झाली होती. माझा मेहुणा सतीश, म्हणजे सुनंदाचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ, एका कंपनीत इंजिनिअर होता आणि सुट्टीवर आला होता. कंपनीने त्याला लॅपटॉप दिलेला. त्या काळी लॅपटॉप म्हणजे काय चीज! गल्लीतली माणसं तो बघायला चप्पल बाहेर काढून आत यायची. सतीशने नगरच्या एका स्टुडिओत सगळे फोटो स्कॅन करून लॅपटॉपमध्ये भरून आणले. स्टुडिओवाल्याने मामांच्या सोयीसाठी पडद्यावरच एक छोटं चित्र ठेवून दिलं होतं. त्यावर दोनदा टिचकी मारली की फोटो उघडायचे. मामा रोज जेवण झालं की हात धुऊन, पुसून, दोनदा टिचकी मारायचे.

त्या चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता. मामांनी विचारलं, "जावईबापू, हा बाण कशाचा?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "इथून उघडा, असं सुचवतोय तो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हा बाण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्याच दिवशी सतीशच्या कंपनीतून निरोप आला. सुट्टी संपली, लॅपटॉप घेऊन ताबडतोब गुजरातच्या साईटवर हजर हो. जयंती तोंडावर, आणि फोटो चालले गुजरातला! घरात बैठक बसली. मामी म्हणाल्या, फ्लॉप्यांत भरा. सतीश म्हणाला, आई, पोतंभर फ्लॉप्या लागतील. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दाजी, तुम्ही सांगाल तसं करू," सतीश म्हणाला.

मी मांडी बदलली. "बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्यावी लागेल," मी म्हणालो. "पण डिस्क कोणतीही असो, खरी मेख जोडणीत असते. जोडणी चुकली की सगळं चुकलं."

हे वाक्य मासिकातलं होतं, शब्दन्‌शब्द.

मग मी, मामा आणि सतीश नगरला आलो. दिल्ली गेटजवळ एका शेठचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मामांना एक सवय, दुकानात शिरले की आधी सगळ्या पाट्या मोठ्याने वाचणार आणि शुद्धलेखन तपासणार.

"'उधार मागून लाजवू नये.' बरोबर. 'एकदा विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.' वा! 'कारणास्तव' बिनचूक लिहिलंय."

"म्हणूनच आधी नीट पारखून घ्या गुरुजी," शेठ हसून म्हणाले. "आमच्याकडे जावयासारखं आहे. पदरी पडलं, पवित्र झालं."

मामा हसले. मीही हसलो. तेव्हा मला हसू येत होतं.

शेठने तीन डिस्का काउंटरवर मांडल्या. पहिलीला रुंद पिन होती, मामांच्या कवळीएवढी. ती लॅपटॉपच्या प्रिंटरच्या जागी जोडायची. दुसरीला आधी लॅपटॉपच्या कुशीतल्या खाचेत एक कार्ड खुपसायचं आणि मग त्या कार्डाला जाडजूड केबल लावायची. तिसरी नवीन निघालेली, यूएसबीची. चपटं, नखाएवढं तोंड.

"सर, माझं ऐकाल तर ही प्रिंटरवाली घ्या," शेठ म्हणाले. "जरा हळू चालते, पण कुठल्याही कॉम्प्युटरला लागेल. कार्डवाली फास्ट, पण कार्ड प्रत्येक ठिकाणी कुठून आणणार? आणि यूएसबी अजून नवीन आहे. गावाकडच्या कॉम्प्युटरला ते भोक असेल-नसेल."

दुकानात दुसरी दोन गिऱ्हाइकं उभी होती. समोर सासरे, बाजूला मेहुणा. अशा वेळी माणसाने ऐकावं की बोलावं? मी बोललो.

"शेठ, प्रिंटरच्या भोकातून फोटो न्यायचे म्हणजे बोरूने पाणी भरायचं. शतक संपत आलं, अजून किती दिवस बैलगाडीत बसायचं? यूएसबी! वेग म्हणजे वेग! सगळे फोटो बघता बघता इकडचे तिकडे!"

"बघता बघता नाही सर," शेठ चाचरत म्हणाले, "वेळ तिलाही लागतोच की."

"मासिक वाचता का तुम्ही?" मी विचारलं.

शेठ मासिक वाचत नव्हते, ते नुसत्या डिस्का विकत होते. त्यांनी गुपचूप यूएसबीची डिस्क खोक्यात घातली. किंमत ऐकून मामांनी चष्मा काढून पुसला आणि पैसे मोजले. जावयाने निवडलेली वस्तू!

गावी परतलो तेव्हा सतीशला न्यायला जीप दारात उभी होती. बॅगा चढवणं चालू होतं. डिस्कबरोबर आलेली सीडी सतीशने लॅपटॉपमध्ये घातली, जोडणी केली, डिस्कचा दिवा हिरवा लागला. सगळं घर माझ्या मागे उभं. मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "जावयबापू, च्याला आधण ठिवू का? येळ लागंल न्हवं?"

"ठेवा की मामी. चहा होईपर्यंत उरकतो."

मी बाही वर केली. पडद्यावरचं ते फोटोंचं चित्र माऊसने पकडलं, अलगद ओढत नेलं आणि नव्या डिस्कमध्ये सोडलं.

झालं!

अहो, मामींनी स्टोव्हची काडीसुद्धा ओढली नव्हती. मी हात झटकला आणि मागे वळलो.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं."

"सगळे?"

"सगळे, मामा. यूएसबी आहे!"

मामा चष्म्यावरून बघत होते. मामींच्या हातात काडी तशीच. मला वाटलं, माझ्या निवडीपुढे सगळे थक्क झालेत. त्यांना काय वाटत होतं ते मला फार पुढे कळलं. मामींना वाटत होतं, दूध ओतून जायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. पण जावयाला कोण बोलणार?

सतीश मात्र चुळबुळला. "दाजी, एकदा उघडून बघू या का?"

"जरूर बघ! पारखून घ्यावं माणसाने." मी डिस्क उघडली. आत ते चित्र होतं. दोनदा टिचकी मारली आणि काय सांगू, सगळे फोटो पडद्यावर हजर! विहाराचा पाया, पहिली मॅट्रिक आणि मागच्या रांगेत डाव्या कडेला सोनाआजींचा फेटेवाला मालकसुद्धा. सतीशने मला चक्क नमस्कार केला.

इथे मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी म्हणालो, "सतीश, लॅपटॉप कंपनीचा आहे. कंपनीच्या वस्तूत घरचं काही ठेवू नये. पुसून टाक ते फोटो."

सतीशने पुसून टाकले. जीप गेली. धूळ बसली. मामा ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले आणि सुपारी कातरायला लागले.

"जावईबापू, परीक्षेत काही मुलं पहिल्या अर्ध्या तासातच पेपर देऊन बाहेर पडतात."

"हुशार असतात ना मामा ती?"

"असतात," मामा म्हणाले. "काही काही."

मी ते कौतुक समजून घेतलं.

जयंतीचा दिवस उजाडला. वस्तीत निळ्या पताका, विहाराला नवा रंग, पोरीबाळी पांढऱ्या साड्यांत. टीव्ही आणि कॉम्प्युटर बाळू शूटिंगवाल्याचा. बाळू पंचक्रोशीतल्या लग्नांची शूटिंग करायचा आणि कॅसेटवर नावं, फुलं, नक्षी उमटवायला त्याने एक कॉम्प्युटर घेतला होता. तो टीव्हीला जोडता यायचा. दुपारी त्याने सगळं सामान टेम्पोतून आणून मांडवात लावलं. माझा जीव एकाच गोष्टीत अडकलेला, बाळूच्या कॉम्प्युटरला यूएसबीचं भोक असेल का? मी गुडघ्यावर बसून, टॉर्च मारून, त्याच्या पाठीमागे पाहिलं. होतं! दोन होती! मला शेठचा चेहरा आठवला आणि मी एकटाच हसलो.

शेठची सीडी चालवली, डिस्क जोडली, दिवा हिरवा लागला. डिस्क उघडली तर ते चित्र दिमाखात बसलेलं.

"दाजी, फोटू उघडून बगू का येकदा?" बाळूने विचारलं.

मी हो म्हणणार, तेवढ्यात वस्तीतले दोन-तीन जण एकदम पुढे आले. "आरं बाळ्या, उद्घाटन पावन्यांच्या हातनं हाय! आदीच उगडून मंग पावन्यांनी काय उगडायचं?"

पटलं मला. आमच्याकडे हातपंप बसवला तरी उद्घाटन होईपर्यंत त्याचं पाणी पीत नाहीत, लोक हंडा घेऊन जुन्या विहिरीवर जातात. मी स्वतः एक निळी फीत आणली आणि डिस्कला आडवी-उभी बांधली. वर झेंडूचं फूल खोचलं.

संध्याकाळी मांडव खचाखच भरला. बाळूच्या कॅमेऱ्यातलं चित्र आधी नुसतंच टीव्हीवर दिसत होतं. लोक स्वतःला टीव्हीवर बघून हात हलवत होते. पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे, टीव्हीपासून हातभर अंतरावर सोनाआजी. ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून आलेल्या. शेजारणीला सांगत होत्या, "आज माजा मालक टीवीत येनार हाय."

वंदना झाली. मामा माईकवर उभे राहिले, पाठ टीव्हीकडे, तोंड लोकांकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मामांनी माझं तोंडभर कौतुक कधी केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

"आपला सगळा ठेवा," मामा म्हणाले, "आमच्या जावईबापूंनी निवडलेल्या या एवढ्याशा डिस्कमध्ये सुखरूप आहे."

टाळ्या! सुनंदाने बायकांतून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेसाठी मी आणखी दहा डिस्का घेतल्या असत्या.

पाहुणे म्हणजे नगरहून आलेले एक निवृत्त साहेब. त्यांनी फीत कापली, खुर्चीत बसले, माऊसवर हात ठेवला. मी कानाशी लागून म्हणालो, "साहेब, दोनदा टिचकी." साहेबांनी मारली.

टीव्हीवर काय आलं? एक बॅटरी. हो, हातात धरायची बॅटरी! एका चौकोनात ती बॅटरी इकडून तिकडे, तिकडून इकडे प्रकाश टाकत फिरायला लागली आणि खाली इंग्रजीत काहीतरी, शोध चालू आहे, अशा अर्थाचं.

बॅटरी फिरतेय. अजून फिरतेय.

"बॅटरी घिऊन काय हुडकतंय गं ते?" सोनाआजींनी विचारलं.

"फोटू हुडकतंय, आजी," मागून कुणीतरी म्हणालं.

सोनाआजी पुढे वाकल्या आणि टीव्हीला मोठ्याने म्हणाल्या, "मागल्या रांगंत बग म्हनावं! डाव्या कडंला! फेटा हाय!"

आणि त्याच क्षणी मला तो बाण आठवला. नुसता आठवला नाही, मासिकातला चौकटीतला मजकूरच्या मजकूर डोळ्यांपुढे आला. कोपऱ्यात बाण असलेलं चित्र म्हणजे शॉर्टकट. म्हणजे वस्तू नव्हे, वस्तू कुठे ठेवलीय त्याचा नुसता पत्ता! मी फोटो उचललेच नव्हते. फोटोंच्या घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी उचलली होती. चिठ्ठी उचलायला कितीसा वेळ लागणार? लॅपटॉपला जोडून डिस्क उघडली तेव्हा ती चिठ्ठी बरोबर लॅपटॉपमधल्या घरी घेऊन गेली. आणि ते घर? ते मीच सतीशला पुसायला लावलं होतं. आता ती बॅटरी बिचारी बाळूच्या कॉम्प्युटरमध्ये सोनाआजींच्या मालकाला शोधत होती, आणि ते तिथे कधी नव्हतेच.

आणि हा मजकूर मी वाचलेला होता हो! खाली पेन्सिलीने रेघसुद्धा मारली होती!

बॅटरी थांबली. चौकटीत इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय करू?"

त्या प्रश्नाचा अर्थ असा होता, तुमची वस्तू सापडली नाही, तिच्यासारखी दुसरी सापडलीय, चालेल का? पण घाबरलेला माणूस अर्थ वाचत बसतो का? "हो म्हणा साहेब," मी म्हणालो. "काही असो, हो म्हणा!"

साहेब हो म्हणाले. पडदा चित्राने भरला. मामांची पाठ टीव्हीकडे होती. पण मांडवात उजेड पसरला तसं त्यांना वाटलं, आलं. त्यांनी आवाज चढवला.

"बंधू-भगिनींनो, हे पाहा! विहाराचा पाया खणणारी आपली पहिली पिढी!"

टीव्हीवर दोन राजहंस. मानेला मान लावून, मध्ये बदामाचा आकार करून, तळ्यात पोहत होते.

बाळूचा लग्नाच्या कॅसेटवरच्या नक्षीचा साठा उघडला होता!

मी साहेबांना थांबवायला गेलो. साहेबांना वाटलं, पुढचा. त्यांनी टिचकी मारली.

"आणि ही," मामांनी हात मागे टीव्हीकडे केला, "ही आपल्या वस्तीतली पहिली मॅट्रिक मुलगी!"

गुलाबी बदाम. त्यात आरपार घुसलेला बाण. पुन्हा बाण! त्या दिवशी बाणांनी माझी पाठ सोडली नाही.

आधी पोरं फुटली, मग बायका, मग म्हातारे. मांडवाचे खांब हलतील असं हसू. मामा गोंधळून मागे वळले आणि बदामासमोर उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. आमच्याकडे सभा म्हटली की वीज हटकून जाते. मी मनातून तिची आळवणी केली, बाई, जा गं आता! त्या दिवशी वीज जाईना. असा लख्ख उजेड त्या गावाने आधी पाहिला नसेल.

हसू ओसरलं. तेव्हा सोनाआजींचा आवाज आला, हळूच. "माजा मालक कुठाय रं?"

मित्रांनो, ते हसणं मला लागलं नव्हतं, हे लागलं. एवढी नटूनथटून बसलेली म्हातारी, आणि मी तिच्या माणसाला पुसून टाकलं होतं. मला खरोखर रडू यायला लागलं.

मामा तडक मांडवाबाहेर गेले. मला वाटलं, रागाने गेले. पण थोड्या वेळाने परत आले ते काखेत बिस्किटांचा मोठा डबा घेऊन. झाकण काढलं. आत सगळे मूळ फोटो! एकेक कागदात गुंडाळून.

"मामा, हे तर तुम्ही ज्याचे त्याला परत दिले होते ना?"

"द्यायचे होते," मामा हळूच म्हणाले. "पण पेपर अर्ध्या तासात आला होता, जावईबापू. म्हटलं, निकाल लागेपर्यंत थांबावं."

आता फोटो होते, पण टीव्हीत जायचे कसे? तेवढ्यात बायकांतून सुनंदा उठली. "अहो, मघाशी आपली तोंडं टीव्हीत दिसत होती ना? मग फोटो धरा की कॅमेऱ्यासमोर!"

बाळूने कपाळावर हात मारला. कॅमेरा मांडवाच्या पडद्यामागे नेला, दिवा लावला, वायर पुन्हा टीव्हीला जोडली. पण फोटो धरणार कोण? सगळ्यांनी एकमुखाने निर्णय दिला. ज्याने जोडणी निवडली, त्याने!

मग मी पडद्यामागे उभा राहून एकेक फोटो दोन्ही हातांनी धरायला लागलो. पाया खणणारी माणसं. पहिली मॅट्रिक. बाहेर लोक नावं सांगत होते, हाका मारत होते, "आगं, ही तर आपली आक्का!" आणि मध्येच कुणीतरी, "ह्यो आंगठा कुनाचा?" "दाजींचा!" माझे हात थरथरायला लागले. थोडे भीतीने, थोडे भरून आल्याने. बाळू ओरडत होता, "दाजी, हलवू नगा!" पण हात ऐकतील तर ना.

शेवटी सोनाआजींचा फोटो आला. बाळूने कॅमेरा जवळ आणला. मागची रांग, डावी कडा. हरभऱ्याएवढा चेहरा वाढत वाढत सगळ्या टीव्हीभर झाला. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. आजी उठून टीव्हीपाशी गेल्या होत्या. काचेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"फेटा तिरपा बांदायचे," त्या म्हणाल्या. "किती येळा सांगितलं, तरी तिरपाच."

मग कुणी हसलं नाही. मीही नाही. मी फोटो धरून उभाच राहिलो, हात दुखेस्तोवर.

कार्यक्रम संपल्यावर मामा, मी आणि साहेब मांडवाच्या दाराशी उभे होतो. मी आपला निळी फीत बांधलेली डिस्क पाठीमागे लपवत होतो. सोनाआजी काठी टेकत आल्या. त्यांचं सगळं ध्यान टीव्हीकडे लागलेलं, त्यामुळे पडद्यामागे काय चाललं होतं, ते त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"गुर्जी, जावयबापूंनी मशीन लई झ्याक आनलीया," आजी म्हणाल्या. "मालक पार म्होरं येऊन हुबे ऱ्हायले बगा. येकच खोट हाय. मशीन लई थरथरतीया. दुकानात न्हेऊन बदलून मिळंल का?"

मामांनी डिस्ककडे पाहिलंच नाही. मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट न्याहाळलं.

"नाही हो आजी," मामा म्हणाले. "एकदा घेतलेला माल कोणत्याही कारणास्तव परत होत नाही."